‘राग येणे’ आणि ‘राग धरणे’: भावनिक आत्मभानाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) अभ्यासवर्गासाठी टिपणे तयार करत आहे. आपल्या मनात कोणती भावना आहे हे ओळखून ती देवापुढे ठेवणे, या अर्थी ‘भावनिक आत्मभान’ हा शब्द वापरावा, की ‘आत्मपरीक्षण’ पुरेसा आहे?

उत्तर : ‘आत्मपरीक्षण’ या शब्दाने आपल्याकडे प्रभुभोजनापूर्वीची (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपूर्वीची) तपासणी डोळ्यांपुढे येते. तीत माणूस आपल्या चुका आठवतो आणि भावनांकडे सहसा वळत नाही. ‘भावनिक आत्मभान’ अर्थाने बरोबर असले, तरी प्रार्थनेत कोणाच्या तोंडी बसणार नाही. माझ्या मते यासाठी मराठी पवित्र शास्त्रातलाच (बायबलमधलाच) एक शब्द अधिक नेमका आहे : ‘झडती’. स्तोत्र 139 च्या शेवटी स्तोत्रकर्ता देवाला आपली झडती घ्यायला सांगतो. हा शब्द चावडीवरचा आणि पोलिसांचा, म्हणून कानाला कठोर वाटतो; पण झडती दुसरा घेतो आणि आपण केवळ दार उघडून बाजूला उभे राहतो, हा अर्थ ‘आत्मपरीक्षणा’त येत नाही. स्वतःच्या मनाचा तपास स्वतःच करणारा माणूस सोयीचे तेवढेच बाहेर काढतो, हे आपण सर्व जण जाणतो.

भावनांच्या बाबतीत मराठीचे व्याकरणही मोलाची मदत करते. आपण ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटली’, ‘मला दुःख झाले’ असे म्हणतो. या रचनेत भावना येते, वाटते, होते, आणि ज्याला ती होते तो चतुर्थी विभक्तीत राहतो. ‘मी राग धरला’, ‘मी आकस ठेवला’ असे म्हणताच मात्र मनुष्य कर्ता होतो. ‘तुम्ही रागवा, परंतु पाप करू नका, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये’ हे इफिसकरांस पत्रातले वचन (4:26) याच दोन क्रियापदांनी समजावता येते, कारण आलेला राग रात्रभर सांभाळून ठेवला की तो ‘धरलेला’ राग होतो. राग येणे हेच पाप समजून तो नाकारणाऱ्या विश्वासी माणसांना हा भेद कळला, तर त्यांच्या मनावरचे केवढे ओझे उतरेल!

येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रातला प्रसंगही वर्गात जरूर सांगावा. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर ते अंथरुणाला खिळले होते. शौर्यकथांमधल्या पराक्रमांत मन रमले की त्या वेळी सुख वाटे, पण मागून मन कोरडे होई. ख्रिस्ताचे आणि संतांचे अनुकरण करण्याच्या विचारांनंतर मात्र समाधान टिकून राही. हा फरक लक्षात येण्यातूनच त्यांची मन पारखण्याची रीत पुढे घडत गेली. येशूसंघात रोज केल्या जाणाऱ्या परीक्षणातही दिवसभरात मन कोठे ओढले गेले आणि मागे काय उरले हे देवासमोर पाहिले जाते.

प्रतिसाद : ‘झडती’ने नवीन विश्वासणारे बिचकतील. शिवाय प्रार्थनेत बहुतेक जण ‘मला वाईट वाटते’ एवढेच म्हणून थांबतात, त्याचे काय करावे?

उत्तर : बिचकतील हे खरे आहे, म्हणून आरंभी स्तोत्र 42 घ्यावे. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ असे तेथे स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवालाच विचारतो. आणि मनाशी बोलण्याची रीत ज्या भाषेत तुकोबा आणि रामदास यांनी घरोघरी रुजवली, तिच्या वाचकाला ही ओळ परकी वाटत नाही.

‘वाईट वाटते’ हे तर झाकण आहे. त्याखाली खंत, हेवा, चीड, अपमान, एकटेपण यांपैकी नेमके काय आहे, हे हळूच विचारावे. एका घरगुती प्रार्थनेत एक वयस्क बाई नेहमीप्रमाणे ‘प्रभू, आमच्या पापांची क्षमा कर’ म्हणाल्या, मग थांबल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘जाऊबाईंविषयी माझ्या मनात अढी बसली आहे.’ त्या खोलीतल्या कोणालाही ‘अढी’चा अर्थ सांगावा लागला नाही. टिपणांत तो शब्द अवश्य घ्या.