मदत हवी आहे: पॅथर्जी चाचणीत काहीच उठले नाही, म्हणजे बेहचेट नाही का?

निशिगंध: माझ्या धाकट्या भावाच्या हातावर परवा सुई टोचून पॅथर्जी चाचणी केली. तिथे काहीही उठले नाही. डॉक्टरांना बेहचेटचा (रक्तवाहिन्यांच्या दाहाचा, वारंवार व्रण करणारा आजार) संशय होता, तो आता मिटला असे धरावे का? पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे आणि तोवर धीर धरणे आईला अशक्य झाले आहे. कृपया लवकर सांगा.

कोकणकडा: आपण भावाचे वय, त्रास, चालू औषधे यांपैकी काहीच लिहिलेले नाही. तोंड वर्षातून किती वेळा येते, गुप्तांगावर व्रण होतात का, डोळे लाल होतात का? टोचलेली जागा किती तासांनी आणि कोणी पाहिली?

सुगरण_काकू: वारंवार तोंड येणे हे आमच्याकडे पित्ताचे लक्षण मानतात. ज्येष्ठमधाची पूड तुपात कालवून लावावी आणि पोट साफ ठेवावे. माझ्या दिरांना आठ दिवसांत उतार पडला.

तळ्याकाठी: माझ्या मुलीचीही हीच चाचणी झाली होती. तीन दिवसांनी फुगवटा मोजतात आणि त्यावरून क्षयाचा अंदाज घेतात.

कोकणकडा: तळ्याकाठी, ती मँटू चाचणी. तिच्यात औषध टोचतात. पॅथर्जीत औषध नसते. निर्जंतुक सुईने त्वचेला इजा करून शरीर तिला अवाजवी उत्तर देते का, एवढेच पाहतात. काकू, ज्येष्ठमधाने व्रणाची आग शमेलही, पण इथे प्रश्न निदानाचा आहे.

निशिगंध: क्षमस्व, घाईत राहून गेले. भाऊ २८ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून जवळजवळ दर महिन्याला तोंड येते. वरण-भातसुद्धा गार करून गिळावा लागतो. गुप्तांगावर दोनदा व्रण झाले, हे त्याने मला गेल्याच आठवड्यात सांगितले. जागा त्याच संध्याकाळी आम्हीच पाहिली.

मुक्कामपोस्ट: त्याच संध्याकाळी पाहून निष्कर्ष काढता येत नाही. ही चाचणी २४ ते ४८ तासांनी वाचतात आणि टोचल्या जागी पुळी किंवा पू धरलेला फोड आला तर ती सकारात्मक धरतात. माझ्या पत्नीच्या वेळी डॉक्टरांनी प्रत्येक टोचणीभोवती पेनाने गोल काढले होते, दोन दिवसांनी पुन्हा बोलावले होते. तिची चाचणी दोन्ही वेळा कोरी आली, तरीही निदान बेहचेटचेच झाले. तुर्कस्तान, इराण, जपान या पट्ट्यात ही चाचणी पुष्कळदा सकारात्मक येते, उत्तर युरोपात क्वचितच; त्यामुळे कोरी चाचणी आजार नाकारत नाही.

रक्तचंदन: मग एचएलए-बी५१ या जनुकाची रक्तचाचणी करून टाका, विषय संपेल.

मुक्कामपोस्ट: संपणार नाही. ते जनुक अनेक निरोगी माणसांतही सापडते. १९९०च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ते नाही. त्यांत वर्षभरात किमान तीनदा तोंड येणे आणि त्याजोडीला गुप्तांगावरील व्रण, डोळ्यांचा दाह, त्वचेवरील पुरळ वा गाठी आणि सकारात्मक पॅथर्जी यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी लागतात.

रक्तचंदन: पण डॉक्टर ती चाचणी लिहून देतात, हेही खरे.

कोकणकडा: पूरक म्हणून देतात. निशिगंध, औषधांचे उत्तर अजून आलेले नाही. स्टेरॉईड चालू असेल तर प्रतिक्रिया दबू शकते.

निशिगंध: आत्ता गोळ्यांची पाकिटे शोधली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तोंडासाठी दिलेले प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉईडच, तो चाचणीच्या दिवशीही घेत होता. ते आम्ही कुठेच सांगितले नव्हते. आणखी एक आठवले. दिवाळीत सलाईन लावले होते, तेव्हा सुईच्या जागी दोन दिवसांनी पिवळ्या टोकाची पुळी आली होती. आम्ही सुई अस्वच्छ होती असे म्हणून सोडून दिले. उजवा डोळाही मधूनमधून लाल होतो आणि उजेड सोसत नाही.

मुक्कामपोस्ट: मग तीन आठवडे थांबू नका. डोळ्याच्या आतला दाह दृष्टी नेऊ शकतो. उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि बेहचेटचा संशय आहे हे तोंडाने सांगा. सलाईनच्या जागेची पुळी, गोळ्यांची नावे आणि तारखा कागदावर लिहून न्या. प्रेडनिसोलोन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

निशिगंध: सकाळी नऊची वेळ मिळाली. कागद लिहून झाला आहे आणि मीही सोबत जाते आहे.