चार महिन्यांचं पिल्लू चादर कुरतडायलंय, दातांमुळे का? मदत हवी

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात राहतो. घरी एक गावठी पिल्लू आहे, नाव चटणी (रंगावरून पडलं). गड्ड्याच्या यात्रेच्या (म्हणजे संक्रांतीच्या) सुमारास जन्मलेली, आता चार महिन्यांची होईल. हल्ली दिसेल ते चावते. चपला, खुर्चीचे पाय, केरसुणी आणि सगळ्यात लाडकी म्हणजे आजीची चादर. सोलापुरात चादरींना तोटा नाही हे खरं, पण आजीचा पट्टा रोज सुरू असतो.

काल चादरीवर रक्ताचे बारके ठिपके दिसले आणि पुढचा एक दात गायब. गिळला असेल तर काही होतं का? खाणंही कमी झालंय, पण ते दातामुळे का या उन्हामुळे, काही कळेना. शेजारच्या काकू म्हणतात कडक भाकरी द्या चघळायला. दाजी म्हणतात तान्ह्या बाळाच्या हिरड्यांना लावायचं जेल लावा. वडील म्हणतात सरळ बांधून ठेवा. कुणाचं ऐकू? पुतणी पहिलीत आहे, खेळताना तिच्या हातालाही दात लागतात. चटणीला रेबीजची पहिली लस दिली आहे.

सातरस्ता: दातच आहेत ओ. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, ते पडून ४२ पक्के येतात. साधारण चौथ्या महिन्यात पुढचे दात पडायला लागतात, मग सुळे, दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालणार, तोवर चपला कपाटात. बहुतेक पिल्लं दात गिळूनच टाकतात, त्याने काही होत नाही. थोडं रक्तही चालतं.

जेल मात्र अजिबात नको. बधिर करणारी औषधं कुत्र्याला बाधतात. घरातली क्रोसिन किंवा आयबुप्रोफेनही देऊ नका, अगदी अर्धी गोळीसुद्धा नाही.

कसब्यातली: मला चपलांपेक्षा चादरीची काळजी वाटते. टॉवेल असो की चादर, सुताचे लांब दोरे निघतात आणि पोटात गेले तर आतड्यात अडकतात. उलट्या, खाणं पूर्ण बंद, पोट दुखून वाकून बसणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, आतडं कापलं जातं. जुनं कापड गोठवून द्या असं बरेच जण सांगतात, मी देत नाही.

त्याऐवजी फ्रीजमधलं अख्खं जाड गाजर, समोर बसून द्यायचं. तुकडे पाडून गिळायला लागली की काढून घ्यायचं. किंवा रबराचं खेळणं थोडं गार करून. नखाने दाबलं तर किंचित दबलं पाहिजे, दगडासारखं कडक नको. शिजवलेलं हाड तर नकोच, त्याच्या किरच्या निघतात.

भाकरीबहाद्दर: काकूंना सांगा, कडक भाकरी आपल्यासाठी. तिच्या कडा सुजलेल्या हिरडीला टोचतात. तीच भाकरी कोमट पाण्यात किंवा बिनमसाल्याच्या चिकनच्या पाण्यात भिजवून द्या, खाईल. ऊन उतरल्यावर द्या, दुपारी माणसालाही जेवण जात नाही. आणि चटणीला चटणी देऊ नका, आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो, तो कुत्र्याला वाईट. कांदाही तसाच.

बांधून काही होत नाही, दोरी चावत बसेल. हाताला दात लागले की पुतणीने हात झटकू नये, खेळ थांबवून उठून जावं. खरचटलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना विचारा. लस दिली म्हणून सोडून देऊ नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. चादर माळ्यावर टाकली, आजी खूश. गाजर आवडलं, पण दाजी रुसलेत. आत्ता टॉर्च लावून बघितलं तर खाली एका जुन्या दातामागे नवा दात डोकावतोय, जुना जराही हलत नाही. चिमट्याने काढू का?

सातरस्ता: घरी हात लावू नका, मूळ मोडून आत राहतं. काही दिवसांत आपोआप पडायची शक्यता जास्त. पण दोन्ही दात तसेच शेजारी राहिले तर नवा वाकडा येतो आणि मध्ये अन्न अडकतं. मग जुना भूल देऊन काढावा लागतो. पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना तोंड उघडून दाखवा. सुळे बदलताना हे जास्त होतं, तेव्हा महिन्या-दीड महिन्याने परत टॉर्च मारा.