शब्दचर्चा : पवित्र, पावित्र्य, संतपण

प्रश्न

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची, तयारी करणाऱ्या मुलांना मी शिकवते. 'आपण सगळे पवित्र होण्यासाठी बोलावलेले आहोत' हे वाक्य आलं की वर्ग गप्प होतो. परवा एका मुलाने विचारलं, "टीचर, पवित्र व्हायचं म्हणजे घरातून बाहेर पडायचंच नाही का?" त्याच्या डोळ्यांपुढे अल्तारावरची मूर्ती असणार. पवित्रता, पावित्र्य, संतपण यांपैकी कोणता शब्द मुलांना जवळचा वाटेल? की वेगळाच शोधावा?

प्रतिसाद

वेगळा शोधू नका. आहे तोच शब्द नीट उघडून दाखवायला हवा.

रोजच्या मराठीत 'पवित्र' म्हटलं की सोवळं आठवतं. जे शिवायचं नाही, ज्यावर डाग पडू द्यायचा नाही, ते पवित्र. 'पावित्र्य' तर त्याहून अवघडलेलं. ते बहुधा जागेला लागतं ('या वास्तूचे पावित्र्य राखा') आणि सोबत राखणे, जपणे, भंग होणे अशी क्रियापदं घेऊन येतं. म्हणजे ते आधीपासून असतं आणि आपल्या हातून फक्त बिघडू शकतं. तुमच्या विद्यार्थ्याने हाच अर्थ उचलला, आणि भाषेच्या दृष्टीने तो चुकलेला नाही.

पण शब्दाचं मूळ वेगळं काही सांगतं. 'पू' म्हणजे शुद्ध करणे, त्याला 'इत्र' हा प्रत्यय लागून 'पवित्र' झालं. खणायचं साधन ते खनित्र, तसं शुद्ध करायचं साधन ते पवित्र. ऋग्वेदात सोमरस गाळायच्या लोकरीच्या गाळण्याला 'पवित्र' म्हटलं आहे. श्रावणातलं पोवतं हेही याच शब्दाचं घरगुती रूप. गाळणं फडताळात ठेवून त्याचा काय उपयोग? ते रोज वापरात असतं, त्यातून गढूळ काही ओतलं जातं, म्हणून तर ते पवित्र.

बायबलमध्ये 'पवित्र'साठी असलेल्या हिब्रू शब्दाचा साधारण अर्थ 'वेगळा काढलेला', आपल्या बोलीत 'देवासाठी राखून ठेवलेला'. इथे पुन्हा अंतर राखण्याचा भास होतो, म्हणून मुलांना बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला द्याच. 'पवित्र व्हा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे' या अर्थाची आज्ञा तिथे दुसऱ्याच वचनात येते. आणि पुढे काय येतं? पीक कापताना शेताच्या कडेचं गोरगरिबांसाठी सोडा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. चहाड्या करत हिंडू नका. म्हाताऱ्या माणसापुढे उठून उभे राहा. वजनं-मापं खरी ठेवा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, ही येशूने पुढे उचलून धरलेली आज्ञाही याच अध्यायातली. मूर्तिपूजा, अर्पणं, शब्बाथ यांचे नियमही त्यात आहेतच, पण ते मजुरी आणि तराजूच्या शेजारी, एकाच रांगेत. वसईच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला हा अध्याय समजावून सांगावा लागणार नाही.

नव्या करारात तर संत पौल अख्ख्या मंडळीलाच 'पवित्र जन' म्हणतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीलाच हे संबोधन आहे. ही माणसं तेव्हा जिवंत होती, घरदार-धंदा सांभाळत होती, आणि करिंथच्या मंडळीसारखी कधी आपसात भांडतही होती. पौल त्यांची कानउघाडणी करतो, पण संबोधन काढून घेत नाही. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात एक पूर्ण प्रकरण याच गोष्टीला दिलं. पवित्रतेचं बोलावणं धर्मगुरू-धर्मभगिनींपुरतं नाही, सगळ्यांना आहे. त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स हेच सांगत होते, की कारागिराची, विधवेची आणि संसारी बाईची भक्ती आपापल्या कामात बसणारी हवी. बिशपने मठवाशासारखं एकांतात राहावं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

म्हणून माझं मत असं : वर्गात 'पावित्र्य' टाळा, 'पवित्रता' चालेल, पण नामापेक्षा क्रियापदाने बोला. 'पवित्र असणे' नको, 'पवित्र होत जाणे' म्हणा. मराठीतलं हे 'होत जाणे' फार कामाचं आहे. त्यात आज थोडं झालं, उद्या थोडं राहिलं, याला जागा आहे.

उदाहरण म्हणून लिझ्यूच्या संत तेरेजाचा धुण्याचा प्रसंग सांगा. मठात रुमाल धुताना समोरची धर्मभगिनी इतक्या जोरात आपटायची की घाण पाणी तेरेजाच्या तोंडावर उडायचं. मागे सरून तोंड पुसावं, म्हणजे समोरचीला आपोआप कळेल, असं तिला आधी वाटलं. मग तिने तसं केलं नाही. कपाळाला आठी न घालता ती तिथेच उभी राहिली आणि धुणं धूत राहिली. बस, एवढंच. ती २४ वर्षांची असताना १८९७ मध्ये क्षयाने गेली, १९२५ मध्ये संत घोषित झाली आणि १९९७ मध्ये ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिताचा मान दिला. पवित्र होत जाणं म्हणजे काय, हे दाखवायला मला यापेक्षा स्वच्छ प्रसंग माहीत नाही. मुलांच्या बाकावर शेजारचा कोपर मारतोच!

तिचे आईवडील झेली आणि लुई मार्टिन हेही संत आहेत. आई लेस विणून घेण्याचा व्यवसाय करायची, वडील घड्याळजी. २०१५ मध्ये दोघांना एकत्र संत घोषित केलं, पतिपत्नी म्हणून एकत्र असा मान मिळालेलं हे पहिलं जोडपं.

'संत' शब्दाबद्दल एक सांगायचं राहिलं. तो आणि लॅटिनमधला 'सांक्तुस' (म्हणजे पवित्र) कानाला भाऊभाऊ वाटतात, पण नातं नाही. आपला 'संत' संस्कृत 'सत्'वरून आला, तुकोबा-ज्ञानोबांच्या अंगणातला आहे. गोव्याच्या कोकणीतला 'सांत' मात्र पोर्तुगिजांकडून आला. मराठी ख्रिस्ती माणसाला 'संत' हा शब्द आयता, तोही मळ्यात राबणाऱ्यांचा, मिळाला हे आपलं भाग्य. सावता माळी 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' म्हणतात, आणि सोळाव्या शतकात आविलाची संत तेरेजा आपल्या धर्मभगिनींना सांगते की स्वयंपाकघरात भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो. दोघांचा देव वेगळ्या नावाचा, श्रद्धाही वेगळ्या. पण कामाच्या जागेबद्दल दोघांना एकच शोध लागला आहे.

पुरवणी, गोव्याहून

कोकणीत आम्ही संताला 'भागेवंत'ही म्हणतो. भागेवंत जुझे वाझ. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मले, श्रीलंकेत राबून १७११ मध्ये कँडीला वारले, २०१५ मध्ये संत घोषित झाले. शब्दात 'भाग्यवंत' दिसतो, म्हणजे कृपा आधी आणि माणसाचे कष्ट नंतर.

उत्तर

छान भर घातलीत. वरच्या 'होत जाणे'मध्ये सगळं आपल्याच जोरावर करायचं असा गैरसमज होऊ शकला असता, तो 'भागेवंत'ने टळतो.

आणखी एक प्रश्न

आजीच्या पुण्यस्मरणाच्या पत्रिकेत 'आमची आजी संत होती' असं लिहावं का? घरात यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर

नावाआधी उपाधी म्हणून 'संत' लावू नका. ती उपाधी ख्रिस्तसभा देते, तीही देवाचा सेवक, वंदनीय, धन्यवादित अशा पायऱ्यांनंतर. आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांनी १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण दिला, १६२७ मध्ये ते धन्यवादित झाले आणि संत व्हायला १८६२ साल उजाडलं. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. त्याआधी व्यापार केला होता, आणि जपानी येत असल्याने मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून ते तिथे परतले होते.

पण वाक्यात 'आजी संत होती' असं लिहायला काहीच हरकत नाही. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण ज्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत त्यांचाही आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या पत्रात 'शेजारचे संत' म्हणून अशाच माणसांबद्दल लिहिलं. त्यात बाजाराला निघालेली एक बाई आहे. वाटेत शेजारीण भेटते, बोलता बोलता कुणाच्या तरी उखाळ्यापाखाळ्या निघतात, आणि ती मनात ठरवते की मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. आजीचं असं काही आठवत असेल तर पत्रिकेत ते एक वाक्य घाला. 'संत' शब्द मग घातला काय, न घातला काय, दोन्ही तटांना चालेल.