मदत हवी आहे: नव्या भयपटांत खरंच नवं काय आहे?

नमस्कार मंडळी. आम्ही सातआठ जण महिन्यातून एकदा सिनेमा एकत्र बघून त्यावर बोलतो. पुढचा विषय माझ्याकडे आहे: गेल्या दहाबारा वर्षांतले असे भयपट, ज्यांतली भीती आधी कुठे भेटलेली नाही. यादी करायला बसले आणि अडकले.

जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (2017) पक्का. सुरुवातीची 37 मिनिटं एकच सलग शॉट! (पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी बघा.) 'गेट आउट'ही पक्का, त्याला तर मूळ पटकथेचं ऑस्कर आहे.

गाडी अडते ती 'तुंबाड'वर. एक मित्र म्हणतो, प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, मग अस्सल कसा? मला हे अजिबात पटत नाही. तो न थांबणारा पाऊस, तो वाडा, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे नायक विनायक सोन्याच्या लोभापायी आपल्या पोराला राक्षसाच्या विहिरीत उतरायची तालीम देतो ते. हस्तर या राक्षसापेक्षा मला तो बाप जास्त भिववतो. हा लोभ दुसऱ्या कुठल्या भयपटात असा दिसलाय का?

धारप नीट वाचलेल्यांनी कृपया सांगा, कथेतून नेमकं किती आलंय? आणि मल्याळम किंवा इंडोनेशियन काही सुचवाल का? रिमेक आणि दुसरे-तिसरे भाग नकोत. दचकवण्यापुरता मोठा आवाज करणारेही नकोत.

रविवारपर्यंत कळलं तर फार बरं होईल.