चातुर्मासात चालेल असा आल्याचा सॉस – मदत हवी आहे

कांदेनवमीला भज्यांचा फडशा पाडून झाला. आता कार्तिकीपर्यंत सासूबाईंचा कांदा-लसूण बंद. मुलांना मात्र नूडल्स आणि टोफू हवंच, आणि दोन वेगळे स्वयंपाक करायची माझी तयारी नाही. हैनानी चिकन राइसबरोबर आलं आणि पातीच्या कांद्याचा, वरून कडकडीत तेल ओतलेला सॉस देतात ना, तसा काहीतरी करायचा आहे. पण पात नाही, लसूण नाही. नुसत्या आल्यावर तेल ओतलं की चव एकसुरी लागते आणि तोंडात दोरे येतात. पातीच्या जागी काय घालू? आणि शनिवारी करून आठवडाभर डब्यांना पुरवता येईल का?

आधीच सांगते, सासूबाईंना तिखट चालतं, अगदी माझ्यापेक्षा जास्त.

माहीमकर
दोऱ्यांचं कारण ऋतू. आपल्याकडे आल्याची लागवड साधारण मे-जूनमध्ये होते आणि पक्कं पीक निघायला आठ-नऊ महिने लागतात. म्हणजे पावसाळ्यात दादरच्या मंडईत मिळतं ते बहुतेक जुनं, जून आलं. किसण्याऐवजी दोऱ्यांना आडव्या पातळ चकत्या करा आणि मग बारीक चिरा. मिक्सरला लावू नका, लगदा होतो आणि पाणी सुटतं. अगदीच रेषाळ निघालं तर किसून पिळा, रस सोया सॉसमध्ये घाला नि चोथा चहात टाका.

चटणीबहाद्दर
५० ग्रॅम आल्याला पाव वाटी शेंगदाणा तेल. आल्यात अर्धा चमचा मीठ आधीच चोळून ठेवायचं. तेल धुराच्या बेतात आलं की दोन-तीन वेळा थोडं थोडं ओता. भांडं मोठं आणि स्टीलचंच घ्या, आल्यातल्या पाण्यामुळे तेल फसफसून वर येतं. एकदम ओतलं तर वरचं आलं करपून कडू आणि तळाचं कच्चं.
पातीच्या जागी कोथिंबिरीची कोवळी देठं, हिरवी मिरची आणि गवती चहाचा खालचा पांढरा भाग, तोही अगदी बारीक. शेवटी थोडं व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. साखर विसरू नका, तिच्यामुळेच चव गोल होते.

खमंग
चिमूटभर हिंग?

चटणीबहाद्दर
मग ती फोडणी होईल हो! पण करून बघा, मला कोण विचारतं.

खमंग
तिळाच्या तेलाबद्दल एक. आपलं नेहमीचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं असतं, चिनी-जपानी पदार्थांतलं भाजलेल्या तिळाचं. ते क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळतं, पण गरम करायचं नसतं, शेवटी चार थेंब. नाही मिळालं तर तीळ भाजून, भरडून घाला. आणि बाटलीतला चिली सॉस घेताना मागचं लेबल वाचा, बऱ्याच सॉसमध्ये लसूण असतोच.

माहीमकर
आठवडाभराचा बेत मात्र सोडा. कच्चं आलं मातीतून येतं आणि तेलाखाली हवा पोचत नाही. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना नेमकं तेच मानवतं, आणि त्याचा वास किंवा चव कळेलच असं नाही. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, ओट्यावर अजिबात नाही. वर सांगितलेलं थोडं व्हिनेगर घातलं म्हणून बरणी बाहेर ठेवायची असंही नाही. उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एका डब्याला एक खडा.

धागाकर्ती
ट्रेची कल्पना फारच सोयीची! गवती चहा खिडकीतल्या कुंडीत आहेच. हिंगाचं सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या घालच. तेव्हा अर्ध्यात घालते. टोफू वाफवून त्यावर हा ओतायचा, की तव्यावर आधी परतून घेऊ? मुलांना मऊ आवडत नाही.

चटणीबहाद्दर
परता. पण आधी फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा, पाणी निघालं नाही तर कडा कुरकुरीत होणार नाहीत आणि सॉसही पातळ होईल.