बिलिरुबिन ७.२ असताना लिम्फोमाची पहिली सायकल कशी द्यावी?

हिमॅटो_निवासी
रुग्ण ५४ वर्षांचा, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका पेशींचा वेगाने वाढणारा कर्करोग), बायोप्सीने पक्का. यकृतात पसरलाय. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) ७.२ (डायरेक्ट ५.८), आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.६, अल्ब्युमिन २.६, पोटात थोडं पाणी. एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी व्हायरसचा पृष्ठभागावरचा अँटिजेन) निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी (आधी होऊन गेलेल्या हेपॅटायटिस बीची खूण) पॉझिटिव्ह. आर-चॉप (रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन) लगेच सुरू करायचं की कावीळ उतरेपर्यंत थांबायचं?

लिम्फोमा_ओपीडी
थांबू नका, पण पूर्ण आर-चॉपही नको. आधी कावीळ कशाची ते बघा. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेल्या दिसल्या तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून ईआरसीपीने (दुर्बिणीतून) स्टेंट टाकून घ्या. बिलिरुबिन उतरलं की डोस मोकळेपणाने देता येतो. नलिका नॉर्मल असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर दोष लिम्फोमाचाच धरा. मग वाट बघण्यात रुग्णाचंच नुकसान.

प्रेडनिसोलोन १०० मिग्रॅ रोज, ५ ते ७ दिवस. प्रेडनिसोन देऊ नका, त्याचं प्रेडनिसोलोन करायला यकृतच लागतं. सोबत रिटुक्सिमॅब ३७५ मिग्रॅ/चौ.मी.; यकृतासाठी यात कपात लागत नाही. पहिला डोस ताशी ५० मिग्रॅने सुरू करा, वाढवण्याची घाई नको.

डॉक्सोरुबिसिन: बिलिरुबिन १.२ ते ३ असेल तर निम्मा डोस, ३.१ ते ५ ला पाव, ५ च्या वर अजिबात नाही. व्हिन्क्रिस्टिन डायरेक्ट ३ च्या वर निम्मं. इथे मी पहिल्या वेळी गाळेन. सायक्लोफॉस्फामाइड यकृतातच सक्रिय होतं, त्यामुळे परिणामाचा अंदाज चुकतो. एक-दोन दिवसाआड एलएफटी (यकृताच्या तपासण्या) बघून ठरवा.

आणि बिलिरुबिन उतरलं की डोस वाढवायला विसरू नका. कापलेला डोस जुन्या चार्टवरून पुढच्या सायकलींत तसाच उतरवला जातो, आणि बरा होऊ शकणारा आजार अर्धवट राहतो.

यकृत_विभाग
एचबीव्ही डीएनए (रक्तातला हेपॅटायटिस बी व्हायरस मोजणारी तपासणी) पाठवा, पण रिपोर्टसाठी अडू नका. रिटुक्सिमॅबने दबलेला व्हायरस उसळू शकतो, म्हणून त्याआधीच एन्टेकॅव्हिर (हेपॅटायटिस बीवरची गोळी) ०.५ मिग्रॅ रोज सुरू करा. जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचं, आणि पुढचे दोन तास काही खायचं नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर डोस जुळवा. शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर किमान १२ महिने चालू ठेवा. केमो संपली म्हणून गोळी बंद होते आणि व्हायरस नंतरच्या महिन्यांत उसळतो. घोळ नेमका तिथे होतो.

आयएनआरसाठी व्हिटॅमिन के १० मिग्रॅ शिरेतून, तीन दिवस. सुधारला तर पित्त अडल्यामुळे व्हिटॅमिन के शोषलं जात नव्हतं असं समजा. तसाच राहिला तर यकृताच्या पेशीच दमल्यात.

हिमॅटो_निवासी
नलिका नॉर्मल आहेत. व्हिन्क्रिस्टिनऐवजी पोलाटुझुमॅब (लिम्फोमा पेशींपर्यंत केमो नेणारं अँटिबॉडी औषध) चालेल?

केमो_फार्मसी
आत्ता नाही. बिलिरुबिन नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दीडपटीपुढे असेल तर ते टाळतात. या आकड्याला बेंडामस्टिनही (आणखी एक केमो औषध) नको. पुढे व्हिन्क्रिस्टिन सुरू कराल तेव्हा व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल (बुरशीवरची औषधं) चालू नाही ना, ते तपासा. दोन्ही एकत्र गेली तर नसांवरचा त्रास आणि आतड्याचा लकवा ओढवतो.

ट्यूमर लायसिसची (गाठीच्या पेशी एकदम फुटून रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढण्याची) भीती असेल तर रासब्युरिकेजआधी (युरिक अ‍ॅसिड तोडणारं औषध) जी६पीडी या एन्झाइमची तपासणी करून घ्या. ते दिल्यावर युरिक अ‍ॅसिडचा नमुना बर्फातच लॅबला पाठवा. नाहीतर औषध नळीतही युरिक अ‍ॅसिड तोडत राहतं आणि रिपोर्ट खोटा कमी येतो.

लिम्फोमा_ओपीडी
फेरिटिनही पाठवा. हजारांत आलं आणि प्लेटलेट, फायब्रिनोजेन घसरत असतील, तर एचएलएचचा (रोगप्रतिकारशक्ती बेभान होऊन शरीरावरच उलटते ती अवस्था) विचार त्याच दिवशी करा.