'योगदान द्या' की 'हातभार लावा'?

प्रश्न:
ऑसम-सेल्फहोस्टेड ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची यादी. लोकांनीच मिळून सांभाळलेली. ब्लॉग, विकी, वेबसाइट चालवायची साधनं शोधायला मी आधी तिथेच जाते. तिच्यात बदल कसे सुचवायचे ते कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत लिहितेय. 'कॉन्ट्रिब्यूट'ला सगळे 'योगदान' लिहितात, ते मला खटकतं. आणि 'मेंटेन'ला काय म्हणू?

प्रतिसाद:
ताई, 'योगदान' रूढ आहे. मराठी विकिपीडियावरही आपल्या बदलांच्या यादीला तेच नाव आहे. राहू द्या.

प्रतिसाद:
रूढ आहे, पण कुठे? मानपत्रात आणि शोकसभेत. 'सहकार क्षेत्रातील मोलाचे योगदान' हे दुसऱ्याने आपल्याबद्दल, काम झाल्यावर म्हणायचं असतं. 'काल रात्री मी योगदान दिलं' असं कोणी बोलत नाही. विकिपीडियावर ते झालेल्या कामाचं शीर्षक आहे, म्हणून शोभतं. आवाहनात मात्र त्याचं दडपण येतं. एकोणीस वर्षांच्या मुलाला वाटतं, माझ्याकडे देण्यासारखं आहेच काय?

प्रत्यक्षात काम किती लहान असतं बघा. त्या यादीत प्रत्येक सॉफ्टवेअरची एक छोटी यॅमल फाइल, म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेली नोंद, असते: नाव, संकेतस्थळ, थोडक्यात वर्णन, परवाना, सोर्स कोडचा पत्ता. अशाच एका यादीत मी केलेला पहिला बदल एका अक्षराचा होता. पत्त्यातल्या 'एचटीटीपी'पुढे 'एस' राहिला होता, तो घातला. दुसऱ्या दिवशी बदल स्वीकारल्याची मेल आली तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. त्याला योगदान म्हणायची माझी जीभ रेटली नसती. हातभार मात्र तो नक्की होता.

'भर घालणे' जवळचं आहे, पण अपुरं. बंद पडलेला प्रकल्प यादीतून काढणं हेही कामच, आणि तिथे भर कसली? 'हातभार'मध्ये दोन्ही मावतं. ओझं आधीच कोणीतरी उचललेलं असतं, आपण एक बाजू धरायची.

'मेंटेन'साठी 'निगा राखणे' घ्या, असा माझा आग्रहच आहे. 'देखभाल' इमारतीची वाटते, 'जतन' म्हणजे आहे तसं ठेवणं. निगा हा शब्द फारसी 'निगाह'वरून आला, म्हणजे नजर. यादीला तीच लागते. आज चालणारी लिंक वर्षाने चालेलच असं नाही. डीमॉझ ही स्वयंसेवक संपादकांनी चालवलेली वेबसाइटांची प्रचंड सूची १९९८ साली सुरू झाली आणि २०१७ साली बंद झाली. इतकी वर्षं ती टिकली ती नोंदी तपासणाऱ्या माणसांमुळे.

प्रश्नकर्ती:
पटलं. मग 'सेल्फ-होस्टेड'ला 'स्वयं-यजमानित' चालेल?

प्रतिसाद:
नको. यजमान म्हणजे पाहुण्यांचा यजमान, पूजेला बसलेला यजमान, आणि आजीच्या तोंडी 'आमचे यजमान' म्हणजे आजोबा. सर्व्हर यात कुठे बसवणार? 'होस्टिंग' सगळ्यांना कळतं. 'स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं' हे तुम्हीच वर लिहिलंय, तेच ठेवा.

प्रश्नकर्ती:
पहिली ओळ बदलली: 'या यादीची निगा आपण सगळे मिळून राखतो. एखादी लिंक तुटलेली दिसली तर तेवढी दुरुस्त करून हातभार लावा.'